पतसंस्था तुमची ‘पत’ कशी मोजते? सिबिलमध्ये न दिसणारा स्कोअर समजून घ्या

मोबाईलवर सिबिल स्कोअर बघणं आता दोन मिनिटांचं काम आहे. ३०० ते ९०० मधला एक आकडा येतो, हिरवा रंग दिसला की आपण खूश. पण क्रेडिट कार्डसाठी अर्ज केला की मेसेज येतो, ‘आमच्या अंतर्गत निकषांनुसार तुमचा अर्ज मंजूर होऊ शकला नाही.’ हे अंतर्गत निकष म्हणजे नेमकं काय? आणि सिडको, गुलमंडी किंवा वाळूजमधल्या ज्या पतसंस्थेत घरच्यांचं वर्षानुवर्षं खातं आहे, तिथं आपली काही पत आहे की नाही? आजच्या लेखात हेच सोप्या भाषेत बघूया.

आधी एक गोष्ट क्लिअर करूया

अमेरिकेत ‘क्रेडिट युनियन’ नावाच्या संस्था असतात. मालक सभासदच, ठेवी सभासदांच्या आणि कर्जही सभासदांनाच. या संस्था स्वतःचं क्रेडिट कार्डसुद्धा देतात. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे नागरी सहकारी पतसंस्था आणि कंपन्या-कार्यालयांमधली पगारदार पतसंस्था. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदवलेल्या असतात.

फरक हा, की पतसंस्था म्हणजे बँक नाही. ती स्वतःच्या नावाने क्रेडिट कार्ड काढू शकत नाही. कार्ड देण्याचा अधिकार बँकांना आणि रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या काही कंपन्यांना आहे. नागरी सहकारी बँकांनाही ठरावीक निव्वळ संपत्ती, कोअर बँकिंग अशा अटी पूर्ण कराव्या लागतात. त्यामुळे ‘अमुक पतसंस्थेचं क्रेडिट कार्ड, लगेच मंजूर’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर लिंकला हात लावू नका.

मग पतसंस्थेचा इथे संबंध काय? ती कार्ड देत नसली तरी वैयक्तिक कर्ज, कॅश क्रेडिट, वाहन कर्ज देते. ते देताना सभासदाला ‘मार्क’ देण्याची पद्धत आणि बँकेने कार्डसाठी लावलेली पद्धत आतून बरीचशी सारखीच असते.

सिबिल स्कोअर वेगळा, अंतर्गत स्कोअर वेगळा

भारतात चार क्रेडिट ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका आणि फायनान्स कंपन्या त्यांना तुमच्या कर्जाची माहिती देतात आणि त्यावरून ब्युरोचा स्कोअर तयार होतो. म्हणजे हा स्कोअर फक्त उधारीचा इतिहास बघतो. तुमच्या खात्यात पगार किती तारखेला पडतो, महिनाअखेर किती शिल्लक राहते, पिग्मी रोज भरता का, हे त्याला माहीतच नसतं.

अंतर्गत स्कोअर नेमका इथे कामाला येतो. संस्थेकडे तुमच्या खात्याची रोजची नोंद असते. ब्युरोचा आकडा हा त्यातला फक्त एक भाग.

मार्क कसे ठरतात?

यामागचं लॉजिक साधं आहे. संस्था जुनी कर्जं काढून बघते: कोणती वेळेवर फिटली, कोणती थकली. मग दोन्ही गटांत फरक काय होता ते शोधते.

समजा, २०० कर्जदार पिग्मी न चुकता भरणारे होते आणि त्यातली ६ कर्जं थकली. दुसरे २०० मध्येच पिग्मी बंद करणारे होते आणि त्यातली २४ थकली. म्हणजे एका गटात ३ टक्के, दुसऱ्यात १२ टक्के, सरळ चौपट फरक. मग नियमित बचतीला जास्त मार्क. अशा प्रत्येक सवयीचे मार्क ठरवून जो तक्ता बनतो, त्याला स्कोअरकार्ड म्हणतात.

मोठ्या बँकेकडे लाखो खाती असतात, त्यामुळे तिथे हे काम सॉफ्टवेअर करतं. छोट्या पतसंस्थेकडे एवढा डेटा नसतो. तिथे कर्ज समिती अनुभवावरून मार्क ठरवते, किंवा मार्क न देता नुसतं बोलून निर्णय घेते.

एक उदाहरण घेऊन बघूया

खालचा तक्ता समजण्यासाठी बनवलेला आहे, कुठल्याही एका संस्थेचा नाही.

- मागची परतफेड: ३० मार्क
- उत्पन्नाची नियमितता: २५ मार्क
- सध्याच्या हप्त्यांचा आणि जामीनकीचा बोजा: २० मार्क
- बचतीची सवय: १५ मार्क
- सभासदत्वाचा काळ: १० मार्क

७० किंवा जास्त मार्क असतील तर मंजूर, ५५ ते ६९ असतील तर समितीसमोर चर्चा, त्याखाली नामंजूर.

पहिला सभासद: गुलमंडीत दुकान, दहा वर्षांचा सभासद. आधीच्या कर्जाचे तीन हप्ते उशिरा गेले आणि आता दोन कर्जं चालू आहेत. परतफेड १४, उत्पन्न १५, बोजा ८, बचत ११, काळ १०. एकूण ५८. ओळख जुनी असूनही अर्ज समितीकडे गेला.

दुसरी सभासद: वाळूज एमआयडीसीत नोकरी, दोनच वर्षांची सभासद. आधी कर्ज घेतलेलंच नाही, म्हणून परतफेडीचे मधले १५. पगार वेळेवर, म्हणून उत्पन्न २३, बोजा १८, बचत १२, काळ ३. एकूण ७१. मंजूर!

आता ट्विस्ट बघा. हिने मैत्रिणीच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही केली. बोजाचे मार्क १८ वरून १२ वर आले. एकूण ६५, म्हणजे हिचाही अर्ज समितीसमोर. मैत्रिणीचा एकही हप्ता चुकलेला नाही, तरीसुद्धा!

‘नुसती सही तर करायची आहे’ म्हणून आपण जामीन राहतो. पण कर्जदाराने पैसे थकवले तर जामीनदारही तेवढाच जबाबदार असतो. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला की त्यात जामीनदाराचंही नाव येऊ शकतं. पगारदार पतसंस्थेत तर कर्जदाराने लिहून दिलेलं असेल तर कलम ४९ नुसार हप्ता थेट पगारातून कापला जातो. म्हणूनच अशा संस्था छोटी कर्जं पटकन देतात, कारण त्यांची वसुली पगारपत्रकालाच जोडलेली असते.

चांगली पत, पण दिसतच नाही

आता खरी अडचण. पतसंस्था सहसा क्रेडिट ब्युरोला माहिती देत नाहीत. म्हणजे तुम्ही पतसंस्थेचं कर्ज चार वर्षं एकही हप्ता न चुकवता फेडलं, तरी बँकेच्या स्क्रीनवर तुम्ही ‘कोरे’ दिसू शकता. स्कोअर कमी नसतो, स्कोअरच नसतो. आणि कोऱ्या पाटीला कार्ड द्यायला बँक कचरते.

यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एफडीवर मिळणारं क्रेडिट कार्ड. बँकेत छोटी एफडी करायची, बँक त्याच्या काही भागाएवढं लिमिट देते आणि तुमची परतफेड ब्युरोकडे नोंदवली जाऊ लागते. लक्षात ठेवा, एफडी त्याच बँकेत हवी. पतसंस्थेतल्या ठेवीवर बँक कार्ड देणार नाही.

मार्क न बघता कर्ज दिलं तर काय होतं?

‘आपल्याच संस्थेत कशाला एवढी तपासणी?’ असं वाटत असेल तर आपल्याच शहरात काय झालं ते आठवा. जुलै २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेत सुमारे २०० कोटींच्या घोटाळ्याचा गुन्हा दाखल झाला. नियम डावलून, पुरेसं तारण न घेता कर्जं वाटल्याचा आरोप होता. आयुष्यभराची पुंजी ठेवलेले ठेवीदार रस्त्यावर उतरले.

बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. म्हणजे तिथलं कर्ज ज्या पैशातून दिलं जातं तो तुमच्या-माझ्या आजी-आजोबांचा पैसा आहे, आणि कर्ज देतानाची तपासणी हेच त्याचं पहिलं कुलूप. स्कोअरकार्डचा मोठा फायदा हाच, की संचालकाचा पाहुणा असो वा पहिल्यांदा आलेला सभासद, दोघांना एकच पट्टी लागते. अर्थात, ती पट्टी प्रामाणिकपणे वापरली तरच.

तुमचे हक्क कोणते?

- नकाराचं कारण: रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, क्रेडिट कार्डचा अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवावं लागतं. ‘अंतर्गत निकष’ एवढंच उत्तर आलं तर ईमेल करून कारण मागा.
- फ्री रिपोर्ट: चारही ब्युरोंकडून दरवर्षी एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होत नाही.
- चूक दुरुस्ती: तक्रार केल्यावर ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

आता काय करायचं?

१. एक अर्ज नाकारला म्हणून त्याच दिवशी पाच अ‍ॅप्सवर अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि ‘याला पैशाची फार घाई आहे’ असा अर्थ निघतो.

२. ज्या खात्यात पगार येतो तिथूनच अर्ज करा. तिथे तुमचा इतिहास आधीच तयार आहे.

३. ऑटो-डेबिटच्या तारखेला खात्यात पैसे ठेवा. एक बाउन्स झालेला हप्ता संस्थेच्या नजरेत बराच काळ राहतो.

४. पतसंस्थेत कर्ज घेताना विचारा: माझी परतफेड ब्युरोला कळवता का? संस्थेचा ऑडिट वर्ग काय आहे, अ की ड?

५. तुम्ही कुणाकुणाला जामीन आहात याची यादी मोबाईलच्या नोट्समध्ये करून ठेवा. कर्ज फिटलं की संस्थेकडून तसा दाखला घ्या आणि ते नाव यादीतून काढून टाका.