रणगाडा घरी घडवताना (भाग 4) : सगळंच सहाने भागू नका
मागच्या भागात टायगर-1 चा सांगाडा पत्रा कापून, वेल्ड करून उभा केला. आता त्याखाली चाकं बसवायची. सोपा रणगाडा हवा असता तर शर्मन निवडायला हवा होता. टायगरची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात. दर बाजूला आठ भुजा आणि सुरुवातीच्या गाड्यांत प्रत्येक भुजेवर तीन चाकं. आतलं एक चाक बदलायचं तर बाहेरची कित्येक उतरवावी लागत. रशियाच्या थंडीत चाकांमधला चिखल गोठून गाडी जागीच अडकायची. आपल्याकडे निदान ती भीती नाही!

मूळ गाडी 57 टनांची. एकास सहा प्रमाणात लांबी, रुंदी, उंची तिन्ही घटतात, म्हणून वजन 216 पट कमी, साधारण 264 किलो. तेही पुढचं 100 मिमीचं चिलखत सहाने भागून जवळजवळ 17 मिमी जाड लावलं तर. तसं सहसा कोणी करत नाही. पातळ पत्रा वापरून वजन निम्म्यावर आणलं, असं धरून चालू.

टायगरला स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार आहेत, म्हणजे गाडीच्या तळाशी आडव्या टाकलेल्या पोलादी दांड्या. चाक वर उचललं की भुजा दांडीला पिळते. या दांड्या हुबेहूब सहाने भागून केल्या की गाडी दगडासारखी ताठ चालते. वजन 216 पट कमी आणि भुजाही सहापट आखूड, त्यामुळे पिळणारा जोर 1296 पट घटतो. दांडीचा ताठरपणा मात्र 216 पटच कमी होतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घातावर चालतो आणि लांबी घटल्याने उलट वाढतो. परिणामी पीळ मूळच्या एक-षष्ठांश पडतो, आणि वजन निम्मं केलं की त्याच्याही निम्मा. उपाय एकच, दांडी बारीक करा. हिशेबाने आलेल्या जाडीच्या निम्म्याहून किंचित जास्त ठेवली की चाकं मूळ गाडीसारखी डुलतात. दांडी बाहेरून दिसत नाही, तेव्हा ही लबाडी मला मान्य आहे. उभ्या स्प्रिंग टाकणारेही आहेत, पण त्या बॅटरीची जागा खातात.

पट्ट्यात मात्र सवलत नाही. एका बाजूला 96 कड्या, दोन पिनांमधलं अंतर मुळात 130 मिमी, आपलं 21.7. भोक पाडताना दर कडीला 0.1 मिमी चूक झाली, तर सगळा पट्टा मिळून साडेनऊ मिमी फरक पडतो. जवळजवळ अर्धी कडी! दोन्ही पट्टे असे वेगळे निघाले की एकाचा ताण बसता बसत नाही आणि कड्या स्प्रॉकेटच्या दातांवर चढू लागतात. म्हणून जिग बनवा आणि सगळ्या 192 कड्या त्याच जिगवर ड्रिल करा. मधेच जिग बदलू नका.

पट्टा ताणायला मागचं आयडलर चाक आहे. या गाडीला वरचे रोलर नाहीत, म्हणून वरचा पट्टा चाकांवर किंचित झोल देऊन टेकला पाहिजे. तारेसारखा ताणला तर बेअरिंग लवकर जातील आणि मोटार उगाच जास्त करंट ओढेल.

पहिली चाचणी गाडी लाकडी ठोकळ्यांवर उचलून घ्या. मोटारी हळू फिरवत ठेवा, पिना आपोआप घासून गुळगुळीत होतात. मग चालू गाडीत ट्रान्समीटर बंद करा. संदेश तुटताच दोन्ही पट्टे थांबले, तरच ठोकळे काढा. शंभर किलोहून जड गाडी पायावरून गेली तर हौस तिथेच संपते.