'बंद' वाहिनी आणि तात्पुरते भूसंपर्कन

वीज 'गेली' आणि वीज 'आली' असे आपण म्हणतो. पाहुणा निघून जावा आणि मागे घर रिकामे राहावे, त्याप्रमाणे वीज गेली की तार रिकामी होते, अशी समजूत या क्रियापदांत गृहीत धरलेली आहे. घरातील दिव्यापुरती ती निरुपद्रवी होय. परंतु खांबावर चढून तारेला हात लावणाऱ्या लाइनमनच्या दृष्टीने 'वाहिनी बंद आहे' हे विधान जीविताचा आधार असते. म्हणून या विधानाच्या अर्थाची चिकित्सा केवळ भाषिक कुतूहलापोटी करावयाची नाही.

बारकाईने पाहिल्यास या एका वाक्यात तीन निरनिराळी विधाने एकवटलेली दिसतात. पहिले कृतीविषयीचे व भूतकाळाचे : उपकेंद्रातून वाहिनीचा पुरवठा तोडला आहे. दुसरे स्थितीविषयीचे व वर्तमानकाळाचे : या क्षणी तारेवर विद्युद्दाब नाही. तिसरे भविष्यकाळाचे : काम संपेपर्यंत माणसाच्या शरीरावर घातक दाब येणार नाही. पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही आणि दुसऱ्यावरून तिसरे सिद्ध होत नाही. दुसऱ्यासाठी दाबदर्शक उपकरणाने परीक्षण करावे लागते. तिसऱ्यासाठी तात्पुरते भूसंपर्कन, म्हणजे व्यवहारात ज्याला 'अर्थिंग' म्हणतात ते, करावे लागते.

पुरवठा तोडल्यानंतर तारेवर दाब येण्याची कारणे अनेक आहेत. चुकीचा स्विच उघडला जाणे किंवा उघडलेला स्विच कोणी अनवधानाने पुन्हा जोडणे, हे उघड कारण होय. दुसरे कारण उलट्या पुरवठ्याचे. एखाद्या घरातील जनित्र मुख्य पुरवठ्यापासून नीट अलग न करता चालविले, तर त्याची वीज लघुदाब तारेतून रोहित्राकडे जाते. जे रोहित्र एरवी ११,००० व्होल्टचा दाब उतरविते, तेच आता उलट दिशेने काम करून २३० व्होल्टचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवू शकते. तिसरे कारण शेजारच्या वाहिनीचे. चालू अतिउच्चदाब वाहिनीला समांतर जाणाऱ्या 'बंद' तारेवर तिच्या विद्युत्क्षेत्रामुळे, कोठेही स्पर्श न होता, दाब निर्माण होतो. शिवाय चालू वाहिनीतील प्रवाहाच्या चुंबकीय प्रवर्तनामुळे तारेच्या लांबीच्या प्रमाणात आणखी दाब उत्पन्न होतो. चौथे कारण दूर कोठेतरी वाहिनीवर पडणारी वीज.

भूसंपर्कनाचे कार्य दुहेरी आहे. तारेवरील संचित भार भूमीत जातो, हे एक. तिन्ही फेजच्या तारा परस्परांशी व भूमीशी जाड लवचिक तारेने जोडलेल्या असल्यामुळे, वाहिनी चुकून चालू झालीच तर फार मोठा प्रवाह वाहतो आणि उपकेंद्रातील संरक्षक यंत्रणा तत्काळ पुरवठा तोडते, हे दुसरे.

तथापि यंत्रणेला पुरवठा तोडण्यास लागणारा सेकंदाचा अंशही माणसाला घातक ठरू शकतो. म्हणून भूसंपर्कन 'केले' एवढे पुरत नाही. ते कोठे केले, हे महत्त्वाचे. समजा, तार दूरच्या खुंटीला जोडली आहे, त्या खुंटीचा भूमीशी रोध १० ओहम आहे आणि तीतून २०० अँपिअर प्रवाह उतरला. तारेचा दाब २,००० व्होल्ट होईल. लाइनमनचा हात तारेवर व पाय खांबावर असतील, आणि खांब भूमीच्या दाबावर असेल, तर हा जवळजवळ सर्व दाब त्याच्या शरीरावर पडेल. शरीराचा रोध १,००० ओहम धरल्यास त्यातून २ अँपिअर प्रवाह जाईल. हृदयक्रिया बिघडविण्यास त्याचा विसावा भागही पुरेसा असतो. आता तीच तार कामाच्या जागीच, त्याच्या पायांखाली खांबाला आवळलेल्या धातूच्या पट्ट्याशी, एक सहस्रांश ओहम रोधाच्या तारेने जोडली आहे असे माना. तोच प्रवाह वाहिला तरी हात आणि पाय यांमधील दाबाचा फरक ०.२ व्होल्टच राहील. येथे रक्षण होते ते वीज भूमीत 'निघून जाते' म्हणून नव्हे. माणूस स्पर्श करीत असलेल्या सर्व वस्तू एकाच दाबावर राहतात म्हणून. मात्र खाली उभ्या असलेल्या सहकाऱ्याला हे रक्षण लाभत नाही. त्याने खांबापासून दूरच राहिले पाहिजे.

जोडणीचा क्रमही असाच सहेतुक आहे. परीक्षणानंतर प्रथम भूमीकडील टोक जोडावयाचे, मग विद्युत्रोधक काठीने तारेकडील. क्रम उलटला आणि तारेवर दाब असला, तर हातातील मोकळे टोक त्याच दाबावर येते. काढताना याच कारणास्तव प्रथम तारेकडील टोक सोडवावयाचे व भूमीकडील शेवटी.

भारतीय वीज नियम, १९५६ यांतील छत्तिसाव्या नियमाने हा भेद अचूक टिपला होता. तारेला हात लावण्यापूर्वी भूसंपर्कनाने किंवा अन्य योग्य उपायाने ती भारमुक्त करावी, आणि माणसे काम करीत असताना ती अनवधानाने भारित होऊ नये याचीही तजवीज करावी, असा त्याचा आशय. पहिले कलम आधीच्या भाराविषयी आहे, दुसरे पुढच्या. त्या नियमांची जागा २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली व त्यांची २०२३ च्या विनियमांनी. वाहिनीचे विज्ञान मात्र तेच आहे.

'अर्थ' या संस्कृत शब्दाचा आणि भूमीवाचक इंग्रजी शब्दाचा मराठी लेखनात योगायोगाने एकच आकार झाला आहे. व्युत्पत्तीने त्यांचा काही संबंध नाही. परंतु परिभाषा घडविणाऱ्यांनी व शिकविणाऱ्यांनी यातून एक धडा घ्यावयास हरकत नाही. 'बंद' हा शब्द कृती सांगतो की स्थिती, आजचे सांगतो की पुढचे, हे न विचारता तो स्वीकारणे वर्गात फार तर अनवधानाचे ठरेल. खांबावर ते प्राणघातक ठरते. म्हणून सूचनापत्रकांत 'वाहिनी बंद आहे' एवढ्यावर न थांबता 'पुरवठा तोडला, दाब तपासला, कामाच्या जागी भूसंपर्कन केले' अशी तीन स्वतंत्र वाक्ये लिहिली जावीत. शब्द थोडे वाढतील. पण प्रत्येक वाक्य कोणीतरी प्रत्यक्ष पडताळून पाहिलेले असेल.