वीर्यातील सूक्ष्मजीवसंघ

वीर्यातील सूक्ष्मजीवसंघ म्हणजे वीर्यात आढळणाऱ्या जिवाणूंचा व इतर सूक्ष्मजीवांचा समुच्चय. त्याची घडण आणि शुक्राणूंची गुणवत्ता यांचा संबंध डीएनए-क्रमवाचन व सांख्यिकी यांच्या साहाय्याने अभ्यासला जातो. निरोगी पुरुषाचे वीर्य निर्जंतुक असते, असा पूर्वी समज होता. प्रयोगशाळेतील संवर्धन-माध्यमावर वाढतील तेवढेच जिवाणू तेव्हा दिसत.

अपत्यहीनतेच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा इतर कारणांसह, आढळते. तरीही ‘वांझ’ हा शब्द मराठी समाजात बाईलाच चिकटला. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेने केईएम रुग्णालयाच्या सहकार्याने केलेल्या कामातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी नलिका-शिशू जन्मला. त्यानंतर उपचार पुष्कळ पुढे गेले, पण शुक्राणू मंद का, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा मिळत नाही. सूक्ष्मजीवसंघाकडे लक्ष वळले ते यामुळे.

विश्लेषणाची पद्धत

जिवाणूंमधील ‘१६ एस आरआरएनए’ हे जनुक सुमारे १,५०० अक्षरांचे असते. त्याचे काही भाग सर्व जिवाणूंत जवळपास सारखे, तर मधले भाग जातीगणिक बदलणारे असतात. हे बदलते भाग वाचून कोणत्या नमुन्यात कोणते जिवाणू किती प्रमाणात आहेत, याचे कोष्टक तयार होते. खरी कसोटी येथून पुढे असते. वीर्यात जिवाणू थोडे असल्याने रसायनांतील व साधनांतील परके डीएनए सहज मिसळते. म्हणून रिकामे नियंत्रण-नमुनेही वाचावे लागतात. शिवाय कोष्टकातील आकडे केवळ सापेक्ष असतात. एका जिवाणूचा वाटा वाढला की इतरांचा आपोआप घटलेला दिसतो. यावर जॉन एचिसन यांनी १९८२ मध्ये मांडलेली लॉगगुणोत्तरांची रीत वापरतात. दोनशे प्रजाती प्रत्येकी पाच टक्के पातळीवर तपासल्या, तर कोणताही संबंध नसताना सरासरी दहा ‘महत्त्वाच्या’ ठरतील. त्यासाठी बेंजामिनी व हॉकबर्ग यांची १९९५ ची दुरुस्ती लावली जाते.

निष्कर्ष

२०१३ मध्ये ७७ पुरुषांच्या अभ्यासात ॲनारोकोकसचा संबंध निकृष्ट वीर्याशी दिसला. २०१४ मध्ये तैवानमधील ९६ नमुन्यांत लॅक्टोबॅसिलसचे प्राबल्य चांगल्या वीर्यासोबत आढळले. २०२४ च्या अमेरिकी अभ्यासात मात्र लॅक्टोबॅसिलस इनर्स ही जाती मंद शुक्राणूंसोबत अधिक होती. हा विरोध वरवरचा असू शकतो. जनुकाचा छोटा तुकडा वाचल्यास बहुधा प्रजातीपर्यंतच ओळख पटते आणि एकाच प्रजातीतील जाती परस्परविरुद्ध वागू शकतात.

हे सर्व सहसंबंध आहेत. जिवाणूंमुळे शुक्राणू बिघडतात की बिघडलेल्या वीर्यात ते जिवाणू तगतात, हे एकाच वेळी घेतलेल्या नमुन्यांवरून सांगता येत नाही. वय, धूम्रपान, प्रतिजैविके आणि जोडीदारांतील जिवाणूंची देवाणघेवाण यांचाही परिणाम होतो. त्यामुळे केवळ अशा अहवालावरून प्रतिजैविके देण्यास आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीतील मूलभूत वीर्यतपासणीत संख्या, हालचाल, आकार इत्यादींचा समावेश आहे, सूक्ष्मजीवसंघाचा नाही.

भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेलाचे प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा बरेच अधिक असते. वीर्याबाबतही परदेशी नमुन्यांवरून ठरवलेली ‘सामान्य’ घडण येथे जशीच्या तशी लागू होईल, असे गृहीत धरता येत नाही. जाती वेगळ्या करून जपण्याची सोय पुण्यात आहे: राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात २००९ पासून सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह राखला जातो.