नळाचे पहिले पाणी पिऊ नका

"डॉक्टरसाहेब, आमच्या नळाचे पाणी अगदी काचेसारखे स्वच्छ आहे. मग पोरांना जुलाब कशाने लागतात?" हा प्रश्न दवाखान्यात वर्षभर ऐकू येतो. विचारणारे बहुधा नीटनेटक्या घरातले असतात. भाजी धुऊन घेतात, बाहेरचे खात नाहीत, हंडा रोज घासतात. तरीही नळाचा दिवस होऊन गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकाच गल्लीतली चार-पाच माणसे पोट धरून समोर बसलेली दिसतात.

पाणी स्वच्छ दिसणे आणि पिण्यालायक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. विषमज्वराचे जंतू किंवा काविळीचे विषाणू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना वास नसतो आणि चवही नसते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय नावाचा जंतू एकही आढळता कामा नये. हा जंतू माणसांच्या व जनावरांच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात सापडला याचा सरळ अर्थ त्या पाण्यात कुठे तरी मैला मिसळला आहे.

आता आपल्या शहरात तो मिसळतो कुठे? पुष्कळांना वाटते की दोष धरणाच्या पाण्यात असावा. छत्रपती संभाजीनगरला पैठणच्या नाथसागराचे, म्हणजे जायकवाडी धरणाचे पाणी येते. ते उपसून फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात आणतात, तुरटीने गाळ बसवतात, वाळूच्या थरातून गाळतात आणि क्लोरीन देतात. ही पद्धत जगभर चालते आणि नीट राबवली तर चांगली आहे. पाणी लांबून आणणे हा तर या शहराचा जुना हातखंडा. मलिक अंबरची नहर आणि पाणचक्की पाहायला अजूनही लोक येतात. खरी अडचण केंद्रातून निघालेले पाणी आपल्या नळापर्यंत पोहोचते त्या वाटेवर आहे.

जलवाहिनी चोवीस तास भरलेली आणि दाबाखाली असेल, तर तिला बारीक छिद्र असले तरी पाणी आतून बाहेर जाते. बाहेरची घाण आत शिरू शकत नाही. पण आपल्याकडे गेली कित्येक वर्षे नळ रोज येत नाही. कधी तीन-चार दिवसांनी, तर कधी आठवड्याने येतो. मधल्या काळात गल्लीतला पाइप रिकामा पडतो. त्याच्याच शेजारून ड्रेनेजची लाइन जाते, चेंबर तुंबलेले असते, घरगुती जोडणीचा लोखंडी पाइप गंजलेला असतो आणि कधी तो सरळ गटारातूनच ओढलेला असतो. पाइप रिकामा होताना आत पोकळी तयार होते, ती सांध्यांतून आणि छिद्रांतून बाहेरचे पाणी ओढून घेते. पुढच्या वेळी नळ आला की हे सगळे पाणी सर्वांत आधी आपल्या हंड्यात येते.

त्यात भर आपण घालतो. नळाला थेट मोटार लावली की पाइपमधले पाणी जोराने ओढले जाते. शेजाऱ्याचे पाणी पळते हे सर्वांना माहीत आहे, भांडणेही त्यावरूनच होतात. पण वाहिनीतला दाब कमी झाल्यामुळे तीच मोटार आसपासच्या गटाराचे पाणीही ओढू शकते, याचा विचार कोणी करत नाही. मोटारवाल्याला मी दवाखान्यात हे सांगतो तेव्हा तो हसतो. "सगळेच लावतात" हे त्याचे उत्तर ठरलेले.

दूषित पाणी वाहिनीत शिरले की काय होते, हे शहराने नोव्हेंबर २०१७ मध्ये पाहिले आहे. छावणी परिसरात थोड्याच दिवसांत हजारो लोक उलट्या-जुलाबांनी आजारी पडले होते. गॅस्ट्रोची साथ अशी एकदम उठते, त्यामुळे ती निदान डोळ्यांना दिसते. काविळीचे तसे नाही.

१९५५ च्या डिसेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत दिल्लीत काविळीची मोठी साथ आली होती. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. यमुनेतून पाणी घेण्याच्या जागी नाल्याचे सांडपाणी मिसळले होते. धोका ओळखून पाण्यात क्लोरीन वाढवण्यात आले आणि विषमज्वरासारखे जंतुजन्य आजार वाढलेही नाहीत. पण काविळीचा विषाणू त्यातून निसटला. पुढे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून कळले की ही नेहमीची 'अ' कावीळ नव्हती. तिला आज आपण हिपॅटायटिस ई म्हणतो.

ही 'ई' कावीळ शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे व्हायला साधारण पाच-सहा आठवडे लागू शकतात. 'अ' काविळीला सुमारे चार आठवडे, विषमज्वराला एक ते तीन आठवडे. एवढ्या काळात कोणत्या दिवशी कोणते पाणी प्यायलो हे कोण लक्षात ठेवणार? म्हणून दोष जातो लग्नाच्या जेवणाला किंवा उन्हाला. बहुतेकांची कावीळ विश्रांतीने आपोआप बरी होते. (तिचे श्रेय मग माळ घालणाऱ्याला आणि नाकात औषध टाकणाऱ्याला मिळते, तो भाग वेगळा.) पण गर्भवतीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली, तर ती जिवावर बेतते. काही साथींमध्ये अशा शंभर स्त्रियांतील वीस-पंचवीसपर्यंत दगावल्याच्या नोंदी आहेत. घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर तिचे पिण्याचे पाणी नऊ महिने उकळलेलेच असावे, हा माझा आग्रह असतो. सासूबाईंना डोहाळजेवणाची जेवढी काळजी असते, त्याच्या निम्मी या पाण्याची असली तरी पुरे.

क्लोरीनबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. पाण्याला औषधाचा वास आला की तक्रार होते, "आज पाण्यात पावडर जास्त झाली." प्रत्यक्षात तो हलका वास चांगल्या बातमीसारखा समजावा. नळाच्या टोकाला पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे असा दंडक आहे, म्हणजे वाटेत शिरलेल्या थोड्याफार जंतूंचा बंदोबस्त होतो. आरोग्य कर्मचारी करतात ती ओ.टी. टेस्ट यासाठीच असते. नळीतल्या पाण्यात थेंब टाकायचे, पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे, नाही झाले तर नाही. मात्र हे क्लोरीन टिकाऊ नाही. हौदात, गच्चीवरच्या टाकीत पाणी चार-पाच दिवस राहिले की ते उडून जाते. म्हणजे आठवड्याचे पाणी साठवणाऱ्या घरात शेवटचे दोन-तीन दिवस आपण औषध संपलेले पाणी पीत असतो.

मग करावे काय? नळ आल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांचे पाणी पिण्यासाठी भरू नये. ते फेकायलाही सांगत नाही, एवढी चैन आपल्याला परवडत नाही. संडास, मोरी, झाडे, फरशी यांना ते वापरावे. पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्यावे आणि चौपदरी फडक्यातून गाळावे. पण तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पिण्यापुरते पाणी उकळणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. गॅस महाग आहे म्हणून लोक टाळतात. त्यांना सांगतो की वीस मिनिटे उकळण्याची गरजच नाही. खळखळून उकळी आली की एक-दोन मिनिटे पुरतात. ज्या भांड्यात उकळले त्यातच झाकून गार करावे. उकळणे शक्य नसेल तर क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. आणि माठात हात बुडवू नये. लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटीचा माठ घ्यावा. उकळलेल्या पाण्यात नातवाचा हात गेला की सगळी मेहनत फुकट.

घरोघरी यंत्र विकायला येणाऱ्यांविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत. पाण्यात विजेच्या कांड्या बुडवून ते तपकिरी करून दाखवतात आणि "बघा, किती घाण!" म्हणतात. तो रंग बहुतेक कांडीच्या लोखंडाचा असतो. टीडीएस मोजणारे पेन फक्त विरघळलेले क्षार दाखवते, जंतूंबद्दल ते काहीही सांगत नाही. बोअरचे पाणी फार जड असेल तर आरओ उपयोगी आहे, पण तो बरेच पाणी वाया घालवतो आणि वेळेवर फिल्टर बदलले नाहीत तर त्याचा भरवसा राहत नाही. थंड जारचेही तसेच. थंडपणाने जंतू मरत नाहीत. जार कुठे धुतला, कोणी भरला, हे विचारण्याची सवय ठेवावी.

बोअरच्या पाण्यात आणखी एक धोका असतो तो नायट्रेटचा. सांडपाणी किंवा खत जमिनीत मुरून तो वाढतो. लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असलेले पाणी तान्ह्या मुलांच्या वरच्या दुधासाठी वापरू नये. येथे उकळून भागत नाही, उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. बोअरचे पाणी पीत असाल तर प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्यावे.

नवी योजना मंजूर झाली २०१९ मध्ये. पैठणहून २५०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी हा तिचा मुख्य भाग आहे. मोठी वाहिनी हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण गल्लीतले जुने पाइप, गटारातून गेलेल्या जोडण्या आणि मधले कोरडे दिवस तसेच राहिले, तर नाथसागराचे जादा पाणी येऊनही दवाखान्यातली गर्दी हटणार नाही. रोज, थोडा वेळ का होईना, दाबाने येणारे पाणी आरोग्याच्या दृष्टीने आठवड्यातून एकदा येणाऱ्या भरपूर पाण्यापेक्षा चांगले. नगरसेवक मते मागायला आले की त्यांना किती पाणी देणार याबरोबरच किती दिवसांनी देणार हेही विचारावे.

साठवणीचा आणखी एक त्रास म्हणजे डेंग्यू. त्याचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. आपल्या नळाच्या फेऱ्याशी हे गणित नेमके जुळते. म्हणून नळाच्या आदल्या दिवशी ड्रम रिकामा करून कडा घासाव्यात, एरवी घट्ट झाकावा.

एका गल्लीत दोन-तीन घरांत एकदम जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात आणि पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्याला कळवावे. त्या नळाचे पाणी सर्वांनी उकळावे. घरातल्या रुग्णाला सलाइनची वाट पाहत बसवू नये, पहिल्या जुलाबापासून ओआरएस सुरू करावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ यापेक्षा जास्त नको. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमचा-चमचा द्यावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध तोडू नये. मुलांना झिंकच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस द्याव्यात, जुलाब थांबले म्हणून मध्येच बंद करू नयेत. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, जुलाबात रक्त दिसले, किंवा भाताच्या पेजेसारखे पाण्याचे जुलाब सारखे होऊ लागले, तर थेट घाटी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे, आणि रिक्षात बसल्यावरही ओआरएसचा चमचा चालू ठेवावा.