मिसिंग : भाग बदलण्याआधी त्याची जागा बदला

(लेखमाला : बॉनेटखाली, लेखांक 6)

इंजिन मिसिंग मारू लागले की गॅरेजमध्ये पहिला सवाल येतो, प्लग कधी बदलले होते? उत्तर काहीही असो, प्लगचा नवा संच येतो. त्याने भागले नाही तर कॉइल, मग इंजेक्टर, आणि तरीही गाडी सिग्नलला थरथरत राहिली तर ‘ईसीयू गेला’ असा निकाल लागतो. लखनौत लाटूश रोडवर आणि ट्रान्सपोर्टनगरात, आपल्याकडे पुण्यात नाना पेठेत, सुटे भाग हाकेच्या अंतरावर मिळतात, त्यामुळे ही रीत अंगवळणी पडली आहे. गिऱ्हाइकाचे पैसे जातात हे तर आहेच, पण त्याहून मोठे नुकसान ज्ञानाचे होते. तीन भाग एकदम बदलून गाडी सुधारली, तर नेमके काय बिघडले होते हे कोणालाच कळत नाही, आणि तीच तक्रार पुन्हा आली की पहिल्यापासून सुरुवात. माझे म्हणणे असे, की संशय असलेला भाग आधी त्याच इंजिनातल्या दुसऱ्या सिलिंडरवर बसवावा आणि दोष त्याच्यामागून जातो का ते पाहावे. खिशात हात त्यानंतर घालावा. उदाहरणासाठी लखनौ निवडले, कारण 45 अंशांपर्यंत चढणारा उन्हाळा, जानेवारीतले दाट धुके आणि सीएनजी असा सगळा मारा इंजिनाला तिथे एकाच वर्षात सोसावा लागतो.

आधी गाडीला स्वतःला काय कळते ते पाहू. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा जळण होते. तीन सिलिंडरचे इंजिन आयडलला 800 आरपीएमवर असेल, तर मिनिटाला 1200 वेळा जळण होते, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला 400. प्रत्येक जळणाने क्रँकशाफ्टला धक्का बसतो आणि तो क्षणभर वेग घेतो. क्रँकच्या चक्रावर दाते असतात. पुष्कळ गाड्यांत दर सहा अंशांना एक, असे साठ, आणि त्यातले दोन खुणेसाठी मुद्दाम गाळलेले. सेन्सर दोन दात्यांमधला वेळ मोजत राहतो. दुसऱ्या सिलिंडरची पाळी आली की क्रँक मंदावतो, असे पुन्हा पुन्हा दिसले, की ईसीयू पी0302 हा कोड नोंदवतो. एकच एक सिलिंडर ठरवता आला नाही तर पी0300. म्हणजे स्कॅनरने एवढेच सांगितले, की दुसऱ्या सिलिंडरने आपले काम केले नाही. ठिणगी पडली नाही, इंधन आले नाही की दाब टिकला नाही, याबद्दल त्या कोडमध्ये चकार शब्द नाही. इतकेच काय, खड्ड्यांत चाकांना बसणारे हिसके गिअरबॉक्समधून क्रँकपर्यंत पोचतात आणि मिसिंगसारखेच भासतात. म्हणून काही गाड्यांत एबीएसच्या सेन्सरवरून रस्ता खराब असल्याचे ओळखून ही तपासणी तेवढ्यापुरती थांबवलेली असते.

आता अदलाबदल. समजा, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. इंजिन बंद करून कनेक्टर सोडवायचा, एक बोल्ट काढायचा, दुसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची दुसऱ्यावर बसवायची, कोड पुसायचा आणि गाडी पूर्वीच्याच परिस्थितीत चालवायची. पी0301 आला तर कॉइल दोषी, कारण बाकी सगळे जागच्या जागी होते. पुन्हा पी0302 आला तर कॉइल सुटली, आता प्लगची पाळी. काढलेला प्लग उजेडात नीट पाहावा. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त. पेट्रोलने ओला म्हणजे जळण झालेच नाही. तेलकट म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल येते आहे. पांढऱ्या सिरॅमिकवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी टोकाशी न पडता बाहेरच्या बाहेर इंजिनाच्या धातूवर उतरते आहे. मग कॉइलच्या रबरी बूटमध्येही तशीच रेघ शोधावी. तो बूट तसाच ठेवला तर नव्या प्लगचीही तीच गत होते. प्लग काढून इंजिनाला टेकवून ठिणगी पाहण्याची जुनी रीत मात्र इथे फसवते. उघड्या हवेत ठिणगी सहज पडते. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते, आणि दाब वाढला की तेवढ्याच गॅपमध्ये ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते. कमजोर कॉइल मिस्त्रीच्या हातात झकास ठिणगी दाखवते आणि शहीद पथाच्या चढावर वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबताच दगा देते. शिवाय पेट्रोलच्या वाफेजवळ उघडी ठिणगी पाडणे धोक्याचे, ते वेगळेच.

लखनौत याहूनही स्वस्त चाचणी उपलब्ध आहे. गेल आणि इंडियन ऑइल यांनी मिळून 2005 मध्ये ग्रीन गॅस लिमिटेड स्थापन केली आणि लखनौ व आग्रा या शहरांना सीएनजी मिळू लागला. सीएनजीच्या मोटारीत डॅशबोर्डवर इंधन बदलायचे बटण असते, आणि ते दाबणे हीच पहिली अदलाबदल. मिसिंग पेट्रोलवरही आहे आणि गॅसवरही, तर दोन्हींना सामाईक असलेले भाग संशयित ठरतात : प्लग, कॉइल, व्हॉल्व्ह, रिंग. फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोलचा इंजेक्टर किंवा पंप; महिनोन्महिने गॅसवरच पळवलेल्या गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर चिकटतात. फक्त गॅसवर असेल, तर मात्र किटला दोष देऊन मोकळे होण्याची घाई नको. सीएनजीवर ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे पेट्रोलवर कसाबसा निभावणारा झिजका प्लग गॅसवर उघडा पडतो. प्लग आणि कॉइल निर्दोष ठरल्यावरच रेग्युलेटर, गॅस फिल्टर, गॅस इंजेक्टर यांच्याकडे वळावे. हिवाळ्यात आणखी एक धागा हाती लागतो. सिक्वेन्शियल किटची गाडी थंड असताना पेट्रोलवर सुरू होते आणि तापली की आपोआप गॅसवर जाते. जानेवारीच्या सकाळी गाडी पहिली काही मिनिटे झटके खाते आणि गॅसवर जाताच सुधारते, ही तक्रार ‘थंडी आहे’ म्हणून सोडून देऊ नये. तापलेले इंजिन बटण दाबून पुन्हा पेट्रोलवर आणावे. तेव्हाही अडखळले तर पेट्रोलच्या बाजूला शोधावे. सुरळीत चालले तर दोष थंडपणाशी बांधलेला आहे. आणि कूलंटची पातळी उतरत असेल, तर रात्रभरात ते सिलिंडरमध्ये झिरपते का, हे तपासल्याशिवाय गाडी सोडू नये.

सर्वांत जास्त चुका होतात त्या स्कॅनरवरचे आकडे वाचताना. मिसिंग झालेल्या सिलिंडरमधले इंधन जळत नाही आणि ऑक्सिजनही वापरला न जाता सायलेन्सरच्या वाटेला लागतो. ऑक्सिजन सेन्सरला कच्चे पेट्रोल दिसत नाही, ऑक्सिजन तेवढा दिसतो. त्याच्या लेखी मिश्रणात इंधन कमी पडले. ईसीयू त्याच्यावर विश्वास ठेवून इंधन वाढवतो, फ्युएल ट्रिमचा आकडा चढतो, आणि तो आकडा पाहून कोणी पंप बदलायला काढतो. खरे तर ठिणगी न पडल्यामुळे तो आकडा चढलेला असतो. हे ओळखायचे तर ट्रिम आयडलला आणि 2500 आरपीएमला, असा दोनदा पाहावा. इनटेकमध्ये कुठून तरी हवा शिरत असेल, तर आयडलला ट्रिम चढलेला असतो आणि वेग वाढवल्यावर उतरतो, कारण एकूण हवेच्या मानाने ती गळती किरकोळ होते. पंप किंवा फिल्टर कमी पडत असेल तर भार वाढेल तसा ट्रिम वाढतो. ठिणगीचा दोष असेल तर कॉइल किंवा प्लग बदलताच तो शून्याच्या आसपास येतो, पंपाला हातही न लावता.

गिऱ्हाईक डोक्यावर उभे असताना अदलाबदलीला वेळ कुठला, हा गॅरेजवाल्यांचा आक्षेप आहे. कॉइलच्या आणि प्लगच्या बाबतीत तो टिकत नाही. दुकानातून नवी कॉइल आणायला पोरगा पाठवण्यापेक्षा तो वेळ कमीच असतो. इंजेक्टरच्या बाबतीत मात्र आक्षेप खरा आहे. पेट्रोलचा दाब सोडावा लागतो, रेल उतरवावी लागते, ओ-रिंग नव्या घालाव्या लागतात. म्हणून त्याची पाळी शेवटी. प्लगची मुदत संपलीच असेल तर ते बदलावेत, हेही मान्य. फक्त जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवावेत. तिसरा आक्षेप वजनदार आहे : अधूनमधून येणारा दोष गॅरेजमध्ये दिसतच नाही. पण अदलाबदलीचा खरा फायदा अशाच गाडीला होतो. कॉइलची अदलाबदल करून मालकाला गाडी देऊन टाकावी. पुढचा कोड कोणत्या सिलिंडरचा आला, यावरून उत्तर मिळते. कोडबरोबर त्या क्षणाचे आरपीएम, भार आणि कूलंटचे तापमानही साठवलेले असते. कोड पुसण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढावा, कारण पुसताच ती नोंद जाते. आणि पेट्रोलमधली भेसळ? एप्रिल 2017 मध्ये उत्तर प्रदेशच्या एसटीएफने लखनौतल्या पंपांवर छापे घातले, तेव्हा मशीनमध्ये बसवलेल्या चिप सापडल्या. त्या मापात मारत होत्या. पंपांवर लोकांचा संशय असणे समजण्यासारखे आहे. तरी खराब पेट्रोल सगळ्या सिलिंडरना सारखेच जाते. कोड दर वेळी दुसऱ्या सिलिंडरचाच येत असेल तर पंपवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही. अनेक सिलिंडरचे कोड टाकी भरल्यावर लगेच येऊ लागले, तर मात्र काचेच्या बाटलीत नमुना काढून तळाशी पाणी साचते का ते जरूर पाहावे.

ठिणगी आणि इंधन दोन्ही सुटले की उरतो दाब. सिलिंडर काही हलवता येत नाही, पण शेजाऱ्याशी तुलना करता येते. कॉम्प्रेशन गेजवर एकाचा दाब बाकीच्यांहून चतुर्थांशाने कमी भरला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंग झिजल्या आहेत. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. बाहेरून किट बसवलेल्या जुन्या गाड्यांत गॅसमुळे व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये आत आत बसत जातो, टॅपेटचा क्लिअरन्स संपतो आणि इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. अशी गाडी सकाळी ठणठणीत असते आणि मे महिन्याच्या दुपारी हजरतगंजच्या गर्दीत अडखळते. तिला प्लगचे कितीही संच लावले तरी फरक पडणार नाही. तिथे फीलर गेज हातात घ्यावे लागते.

एवढ्या तपासाला सवड आहे की नाही, हे चेक इंजिनच्या दिव्यावरून ठरवावे. दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटते आहे. आतले तापमान 1000 अंशांच्या पुढे गेले की प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा थर निकामी होतो, आणखी चढले तर सिरॅमिकची जाळी वितळून सायलेन्सरची वाट अडवते. एका कॉइलचे काम मग अनेक पटींच्या खर्चावर जाते. अशा वेळी अॅक्सिलरेटर सोडून गाडी कडेला घ्यावी आणि टो करून न्यावी. गॅरेजमध्ये तपासासाठी इंजिन चालू ठेवावेच लागले, तर त्या सिलिंडरच्या चालू इंधनाच्या इंजेक्टरचा कनेक्टर आधी काढून ठेवावा, म्हणजे त्यातून कच्चे इंधन पुढे जात नाही.