छोट्या पडद्यावरचे तपासनीस (लेखांक ७) : पीटर फॉल्क

मागच्या आठवड्यात रेमंड बर आणि त्याच्या पेरी मेसनबद्दल लिहिलं. मेसनच्या मालिकेत सगळी मजा शेवटासाठी राखून ठेवलेली असे. कोर्टात उलटतपासणी चालू असताना खरा गुन्हेगार कोलमडून पडे. आजचा नायक, लॉस एंजेलिस पोलिसांतला लेफ्टनंट कोलंबो, त्याच्या अगदी उलट टोकाला. इथे खून कोणी केला, कसा केला, पुरावा कुठे दडवला, हे सगळं प्रेक्षकाने सुरुवातीलाच पाहिलेलं असतं. कोलंबो तोवर बहुधा पडद्यावर आलेलाही नसतो. खुनी कोण हे एकदा कळल्यावर माणसं पुढचा तासभर खिळून का बसतात? माझ्या मते एकाच गोष्टीसाठी : पीटर फॉल्क समोरच्याचं कसं ऐकतो, ते बघायला.

कोलंबो हा मूळचा फॉल्कचा नव्हे. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या शाळेपासूनच्या दोन मित्रांनी तो लिहिला. दोस्तोयेव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मधला तपास अधिकारी पोर्फिरी पेत्रोविच त्यांच्या डोळ्यांसमोर होता. 1960 मध्ये टीव्हीवर बर्ट फ्रीडने आणि मग रंगभूमीवर थॉमस मिचेलने ही भूमिका केली. कोलंबो निघून जाता जाता दारातून मागे वळतो आणि ‘आणखी एकच’ म्हणत नेमका घात करणारा प्रश्न विचारतो, ती लकबही लिखाणातूनच आली. लिंकने तिची हकिकत सांगितली आहे : प्रवेश टाइप करून झाला होता, एक प्रश्न राहून गेला होता, आणि सगळं पान पुन्हा टाइप करायचा दोघांना कंटाळा आला. म्हणून गेलेल्या माणसाला परत आत आणलं.

‘प्रिस्क्रिप्शन : मर्डर’ या त्याच नाटकाची टीव्ही-फिल्म (1968) करायची ठरली, तेव्हा आधी बिंग क्रॉस्बीला विचारणा झाली होती. त्याने नकार दिला आणि चाळिशीतल्या फॉल्कला काम मिळालं. ही फिल्म आज पाहिली तर थोडं चुकल्यासारखं होतं. केस नीट विंचरलेले, बोलणं धारदार. एका प्रसंगात तर तो खुन्याच्या साथीदार बाईवर चक्क आवाज चढवतो. 1971 मध्ये नियमित मालिका सुरू झाली तोवर हा आवाज खाली आला होता, केस विस्कटले होते, आणि संशयाच्या जागी कुतूहल आलं होतं. लेखकांनी सांगाडा दिला. त्यात माणूस घातला तो फॉल्कने.

हा माणूस कुठून आला? फॉल्कचा जन्म 1927 चा, न्यूयॉर्कचा. बालपण ऑसिनिंगमध्ये गेलं. सिंग सिंग हा प्रसिद्ध तुरुंग याच गावात आहे. वडिलांचं कापडचोपडाचं दुकान होतं. तीन वर्षांचा असताना कर्करोगामुळे उजवा डोळा काढावा लागला आणि तिथे काचेचा डोळा बसला. शाळेतल्या बेसबॉलच्या सामन्यात पंचांनी चुकीचं बाद दिलं म्हणून आपण तो डोळा काढून पंचांच्या हातात ठेवला, ही आठवण तो आवडीने सांगत असे. पुढे त्याने व्यापारी जहाजावर खानसाम्याचं काम केलं, सिराक्यूज विद्यापीठातून लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेतली आणि कनेटिकट राज्याच्या अंदाजपत्रक खात्यात कार्यक्षमता-तज्ज्ञ म्हणून नोकरी धरली. नोकरी हार्टफर्डला आणि संध्याकाळी हौशी नाटकं. एव्हा ल गॅलिएन या थोर अभिनेत्रीच्या वर्गाला तो जाऊ लागला आणि तिच्या प्रोत्साहनानंतर नोकरी सोडून न्यूयॉर्क गाठलं. तेव्हा तिशी जवळ आली होती. सिनेमात एका डोळ्याचा नट चालायचा नाही, असं त्याला तोंडावर सांगण्यात आलं. ‘मर्डर, इन्कॉर्पोरेटेड’ (1960) आणि ‘पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स’ (1961) या चित्रपटांसाठी लागोपाठ दोन वर्षं ऑस्करचं नामांकन मिळवून त्याने त्याला उत्तर दिलं.

तो चुरगळलेला रेनकोट फॉल्कचा स्वतःचा. 1966 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये पावसात सापडला असताना त्याने तो घेतला होता. स्टुडिओच्या वाहनतळातून ती खिळखिळी प्यूजो 403 गाडी निवडली, तीही त्यानेच. चित्रीकरणात तो संहितेत नसलेले उद्योग करी. पेन्सिल सापडत नाही म्हणून खिसे चाचपत बसे आणि समोरच्या नटाला खरोखर अस्वस्थ करून सोडी. पडद्यावर दिसणारी खुन्याची चिडचिड म्हणूनच कित्येकदा अस्सल वाटते.

आता एक भाग जवळून पाहू, कारण फॉल्कचं मोठेपण मला त्यात सर्वांत स्वच्छ दिसतं. 1973 चा ‘एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म’. डोनाल्ड प्लेझन्सने त्यात एड्रियन कार्सिनी हा वाइननिर्माता रंगवला आहे. सावत्र भाऊ वायनरी विकायला निघतो, तेव्हा रागाच्या भरात कार्सिनी त्याला खाली पाडतो आणि वाइनच्या तळघरात बांधून ठेवतो. वातानुकूलन बंद करून तो परगावी निघून जातो आणि भाऊ तिथे गुदमरून मरतो. कोलंबोला वाइनमधलं काही कळत नाही. म्हणून तो शिकायला बसतो, चव घेतो, प्रश्न विचारतो. कार्सिनीला हा विद्यार्थी आवडू लागतो. शेवटी कोलंबो त्याला भारी रेस्टॉरंटमध्ये जेवायला नेतो आणि जुन्या पोर्टची बाटली मागवतो. एक घोट घेताच कार्सिनी भडकतो : ही उष्णतेने खराब झालेली आहे, ही माणसाला देताच कशी! बाटली त्याच्याच तळघरातली असते. वातानुकूलन बंद असताना उन्हाचा तडाखा आला आणि त्याचा सगळा संग्रह नासला. तो फरक ओळखणारी जीभ त्याच्याखेरीज क्वचितच कोणाची असेल, आणि त्याच जिभेने त्याच्याविरुद्ध साक्ष दिलेली असते.

अटक झाल्यावर कोलंबो गाडी थांबवतो, बाटली काढतो आणि दोघं मिळून एक एक पेला घेतात. कार्सिनी त्याच्या निवडीला दाद देतो, तेव्हा फॉल्कच्या चेहऱ्यावर विजयाची रेघसुद्धा नसते. गुरूने पाठ थोपटलेल्या विद्यार्थ्याचा खराखुरा आनंद तेवढा दिसतो. खुन्याबद्दल एवढा आदर दाखवूनही गुन्ह्याला माफी नाही, हा तोल साधणं फार कठीण आहे. संवादात तो लिहिता येत नाही. नटालाच साधावा लागतो.

कोलंबो बावळटपणाचं सोंग घेतो, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अपुरं वाटतं. सोंग असेलही, पण कुतूहल सोंगाचं नाही. बंगल्याची किंमत, बुटांची किंमत, कॅमेरा कसा चालतो, हे त्याला मनापासून जाणून घ्यायचं असतं. खुनी बहुतेक वेळा श्रीमंत, नामांकित, हुशार. अशा माणसाला हा पगारदार पोलीस ‘सर’, ‘मॅडम’ म्हणत राहतो आणि तो मोठा माणूस त्याच्याकडे नीट बघायचीही तसदी घेत नाही. तिथेच तो फसतो. कोलंबो पिस्तूल बाळगत नाही, कोणावर हात उचलत नाही. ‘ट्राय अँड कॅच मी’ या 1977 च्या भागात तो श्रोत्यांसमोर सांगतो की आपल्याला भेटलेले काही खुनीसुद्धा आपल्याला माणूस म्हणून आवडले. फॉल्कच्या तोंडी हे वाक्य खोटं वाटत नाही.

मालिकेबाहेरचा फॉल्क आपल्याकडे कमी ठाऊक आहे. जॉन कॅसाव्हेटीस या त्याच्या मित्राच्या ‘अ वूमन अंडर द इन्फ्लुअन्स’ (1974) मध्ये त्याने मनोरुग्ण बायकोसमोर हतबल झालेला कामगार-नवरा केला आणि त्या चित्रपटात स्वतःचे पैसेही घातले. पुढे विम वेंडर्सने ‘विंग्ज ऑफ डिझायर’ (1987) मध्ये त्याला फॉल्क म्हणूनच उभं केलं. भिंत अजून उभी असलेल्या बर्लिनमध्ये तो मोकळ्या मैदानातून चाललेला असतो. काही पोरं त्याला पाहून कुजबुजतात : हा कोलंबो का? छे, असला कळकट कोट घालून? याच चित्रपटात चहा-कॉफीच्या टपरीवर तो न दिसणाऱ्या देवदूताशी गप्पा मारतो. थंडीत हात एकमेकांवर चोळले की किती बरं वाटतं, हे तो त्या अदृश्य सोबत्याला करून दाखवतो. समोर कोणीच नसताना फॉल्क इतकं लक्ष देऊ शकतो. मग एपिसोडभर खुन्यासमोर तो काय करत असेल, याची कल्पना यावी.

मालिका 1978 मध्ये थांबली, 1989 मध्ये दुसऱ्या वाहिनीवर परतली आणि 2003 पर्यंत अधूनमधून येत राहिली. एकूण 69 भाग झाले. कोलंबोसाठी फॉल्कला चार एमी पुरस्कार मिळाले. उत्तरार्धातले बरेच भाग सैल आहेत, हे मान्य करायला हवं. तिथे लकबी उरतात आणि गोष्ट पातळ होते. अखेरच्या वर्षांत फॉल्कला स्मृतिभ्रंश झाला. 23 जून 2011 रोजी तो गेला. तीन वर्षांनी दूर बुडापेस्टमध्ये त्याचा, कोलंबोच्या रूपातला, मालिकेतल्या कुत्र्यासह पुतळा बसला.

ज्यांनी कोलंबो पाहिलेलाच नाही, त्यांनी 1968 च्या फिल्मपासून सुरुवात करू नये. आधी ‘मर्डर बाय द बुक’ पाहा. 1971 चा हा भाग चोवीस वर्षांच्या स्टीव्हन स्पीलबर्गने दिग्दर्शित केला आहे. मग वाइनचा भाग, मग ‘ट्राय अँड कॅच मी’. फिल्मकडे त्यानंतर वळलं, तर फॉल्कने भूमिकेत काय भर घातली ते आपोआप कळेल.

पुढील आठवड्यात : जेरेमी ब्रेटचा शेरलॉक होम्स.