पार्सन्स स्ट्रीटवरील केकचे दुकान

ऑक्सफर्डच्या उत्तरेस चेरवेल नदीकाठी वसलेले बॅनबरी हे बाजारगाव ज्या बालगीतामुळे आपल्याकडील इंग्रजी शाळांतल्या चिमुरड्यांच्याही तोंडी बसले आहे, त्या गीतातला प्रसिद्ध क्रूस प्युरिटन पंथाच्या गावकऱ्यांनी १६०० च्या सुमारास आपल्याच हातांनी पाडून टाकला. आज चौकात उभा आहे तो राणी व्हिक्टोरियाच्या ज्येष्ठ कन्येच्या विवाहाप्रीत्यर्थ १८५९ साली उभारलेला नवा. इंग्लंडमधल्या यादवी युद्धानंतर गावचा किल्ला जमीनदोस्त झाला. पुढे १७९० मध्ये, मोडकळीस आले या सबबीवर जुने चर्च उतरवायला घेतले, तर ते इतके चिवट निघाले की अखेरीस त्याला सुरुंगाची दारू लावावी लागली! बॅनबरीचा कल्हईवाला एक भोक बुजवताना तीन पाडतो, ही जुनी इंग्रजी म्हण कोणा शेजारगावकऱ्याने रचली असावी. पण ती अगदीच बिनबुडाची म्हणवत नाही.

पाडण्याइतकीच या गावाला खाण्याचीही कीर्ती होती. इतिहासकार कॅम्डेनच्या भूवर्णनाचे इंग्रजी भाषांतर १६१० साली निघाले, तेव्हा बॅनबरीच्या ख्यातीत चीज आणि केक यांच्या पंक्तीला ‘एल’ म्हणजे मद्य बसावयाचे, ते छापखान्यातल्या थट्टेपायी ‘झील’ म्हणजे धर्मावेश होऊन बसले, असे त्याच शतकातला लेखक फुलर सांगतो. थट्टा असो वा नसो, तो शब्द गावाला चपखल बसला. पाचच वर्षांनी जर्व्हेस मार्कमने आपल्या गृहिणीशास्त्रात या केकची कृती दिली, तिला काळे बेदाणेच चार पौंड लागत, आणि बेदाणे घातलेला गोळा साध्या कणकेच्या दोन थरांमध्ये झाकावा लागे. पुढे तो केक लहान झाला, लंबगोल झाला, आणि पापुद्र्यांच्या वेष्टनात बेदाणे, पाकवलेल्या साली व जायफळाचे सारण घेऊन, करंजीचा दूरचा आप्त शोभेल अशा रूपाने, टोपल्यांत बसून पार ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि हिंदुस्थानपर्यंत जाऊ लागला.

या केकचे ‘मूळ दुकान’ म्हणून जे ओळखले जाई ते पार्सन्स स्ट्रीटवर बारा क्रमांकाला होते. अस्सल कोण, याविषयी गावातल्या भटारखानेवाल्यांत चुरस असे, कारण खवय्याला पत्ता सांगण्यापुरते का होईना, ‘मूळ’ हे विशेषण रोकड किमतीचे असते.

त्याच रस्त्यावर रेनडियर नावाची सोळाव्या शतकातली खानावळ आहे. तिच्या ग्लोब रूम या दालनाची कोरीव लाकडी तावदाने १९१२ साली विकली गेली होती; ती लंडनमध्ये सापडून १९६४ साली गावाला परत मिळाली, आणि कालांतराने पूर्ववत बसविण्यातही आली. ही तजवीज प्रशंसनीयच होय. परंतु ती तावदाने परत आणणाऱ्या गावाने अवघ्या चार वर्षांनी, १९६८ मध्ये, विरोध झाला असताही, त्याच रस्त्यावरचे केकचे दुकान जमीनदोस्त होऊ दिले. मला वाटते, तावदानांची मोजदाद करता येते, त्यांना कलावस्तू म्हणून दप्तरात नोंदवता येते. उलट दुकान हे अर्धे इमारत आणि अर्धे भट्टीचा वास, गल्ल्यावरची खणखण, बाजाराच्या दिवशीची वर्दळ असते, आणि या उरलेल्या अर्ध्याला कोणत्याही यादीत रकाना नसतो.

बाजाराचेही तसेच झाले. गावातल्या ग्रिम्सबरी भागात १९२५ साली सुरू झालेला गुरांचा बाजार पश्चिम युरोपातला सर्वांत मोठा म्हणून गाजला, आणि १९९८ मध्ये बंद पडला. केक मात्र अजून मिळतो. तो हाती घेऊन ग्लोब रूमच्या तावदानांखाली बसावे, आणि तेथून निघून बारा क्रमांकाशी यावे, तर तो जेथून विकला जाई ते दुकानच तेवढे तेथे नाही.